गोंदण आणि नोकरी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे तर विषय भारदस्त असावा अशी आपल्याकडे रीत आहे. चालकांनी आम्हांला ‘विद्यार्थी आणि शिस्त’ हा विषय सुचविला होता. त्या विषयावर आम्ही वर्गात रोज बोलतो आणि मुले तो रोज ऐकून सोडून देतात. तेव्हा येथे तरी तो नको असे आम्ही नम्रपणे कळविले आणि गोंदणाचा विषय मागून घेतला. आपल्यापैकी काहींना हसू आले हे आम्हांला दिसते आहे. पण या सभागृहात बसलेल्या आज्यांच्या कपाळाकडे पाहा आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या नातवंडांच्या मनगटाकडे पाहा. दोन्हीकडे तेच निळेकाळे ठिपके आणि रेघा आहेत. मात्र आजीला त्यांचा कधी जाच झाला नाही, आणि नातवाची कदाचित त्यांच्यापायी नोकरी जाईल. हा फरक कसा पडला, आणि त्यावर आपण काय करावे, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही मुसलमान आहोत, आणि आमच्या धर्मात अंगावर कायमचे गोंदवून घेणे वर्ज्य मानले आहे. आमच्या घरी मेंदी चालते, गोंदण चालत नाही. ईदला काढलेली मेंदी पंधरा-वीस दिवसांत उतरते, आणि पुढच्या ईदला मुलगी निराळी नक्षी काढते. मागची आवडली नव्हती तरी बिघडत नाही. तेव्हा गोंदणाविषयी आम्ही बोलतो ते बाहेरच्या माणसासारखे. परंतु धर्माचा उपदेश करण्यास आम्ही येथे उभे नाही. ज्यांच्या घरी गोंदणाची परंपरा आहे त्यांची मुले आमच्या वर्गात बसतात, आणि त्यांच्या पोटापाण्याची काळजी शिक्षक म्हणून आम्हांला आहे.

पूर्वी गोंदण केव्हा करावे हा प्रश्न कोणाला पडतच नसे. गोंदणारीण दारी येई. तिच्याजवळ एकत्र बांधलेल्या सुया असत आणि दिव्याच्या काजळीत पाल्याचा रस कालवून केलेला रंग असे. मुलगी लहान असतानाच, निदान लग्नाआधी, तिचे कपाळ, हनुवटी आणि हात टोचले जात. आई धरून बसे, मुलगी रडे, मग वर हळद आणि तेल लावीत, आणि गोंदणारणीला तांदूळ, नारळ किंवा जुने लुगडे मिळे. नक्षी ठरलेली असे: तुळस, विंचू, ठिपके, कोणाचे राम-लक्ष्मण. काही समाजांत न गोंदलेल्या सुनेच्या हातचे पाणीही चालत नसे. मेल्यावर सोने येथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, असे बायका म्हणत. आणि ज्यांच्या अंगावर सोने कधी चढलेच नाही त्यांना त्या बोलण्याचा मोठा आधार असे. म्हणजे वेळ, जागा आणि चिन्ह ही तिन्ही समाजाने ठरविलेली होती. ज्या समाजाने गोंदले त्याच समाजात ती बाई जन्मभर राबत असे. तिच्या गोंदणाने तिच्यासाठी दार उघडले. बंद केले नाही.

आता काय झाले आहे? गोंदतो एक आणि कामाला ठेवतो दुसराच.

मधल्या काळात जत्रेत बॅटरीवर चालणारे यंत्र आले, आणि मनगटावर नाव गोंदवून घेण्याची चाल पडली. विजेचे हे यंत्र मुळात अमेरिकेतले. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने १८९१ साली त्याचे पेटंट घेतले. ‘टॅटू’ हा शब्द तर त्याहूनही दूरचा. कॅप्टन कुक १७६९ साली ताहिती बेटावर उतरला, तेव्हा तेथील लोकांचा शब्द त्याच्या खलाशांबरोबर इंग्रजीत आला. युरोपात गोंदण जे पसरले ते पुष्कळसे खलाशांच्या दंडावरून. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी मंडळी गोव्याच्या किनाऱ्यावर येऊ लागली, आणि आज आपल्याच तालुक्यात हरमल, मांद्रे, मोरजी या गावांत किनाऱ्याच्या वाटेवर टॅटूची दुकाने दिसतात. आपल्या आजीचे गोंदण असे जगाला वळसा घालून, इंग्रजी नाव घेऊन, पुन्हा आपल्याच गावी आले. मुलांना ते परके वाटते म्हणून आवडते, आणि वडीलमंडळींना ते परके वाटते म्हणून खुपते. दोघांचीही समजूत अर्धवट आहे.

या दुकानांतील सगळे कारागीर वाईट आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. चांगला कारागीर हातमोजे घालतो, सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढतो, रंग लहान टोपणात वेगळा ओततो, आणि अठरा वर्षांखालील मुलाला परत पाठवितो. इंग्लंडात तर १९६९ सालच्या कायद्यानेच अठरा वर्षांखालील मुलाला गोंदणे हा गुन्हा ठरविला आहे. ज्या दुकानात यातले काही दिसत नाही तेथून उठून यावे. एकाची सुई दुसऱ्याला लागली तर त्यातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे तिन्ही रोग येऊ शकतात. आपल्या संस्थेचे रक्तदान शिबिर असते म्हणून हेही सांगतो की, नवे गोंदण केलेल्या माणसाचे रक्त बारा महिने घेऊ नये, असे राष्ट्रीय मार्गदर्शक नियम आहेत. शिबिरात एखादा तरुण परत पाठविला गेला तर त्याचा अपमान झाला असे त्याच्या मित्रांनी समजू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो.

आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा. नाव सांगत नाही. तालुका लहान आहे. घरचा एकटा मिळवता व्हावयाचा होता. पहाटे उठून मैल मैल धावे, लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी उतरला, छाती-उंची बसली. केंद्राच्या एका दलाच्या वैद्यकीय तपासणीत त्याने शर्ट काढला, आणि त्याच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूस आईचे नाव होते. वर्षभरापूर्वी, आई इस्पितळातून बरी होऊन घरी आली त्या आठवड्यात, त्याने ते मोठ्या भक्तीने गोंदवून घेतले होते. तेवढ्यावर तो अपात्र ठरला. मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, आईचे नाव लिहिणे हा गुन्हा कसा होतो?” आम्ही त्याच्याबरोबर बसून नियम वाचले. आईच्या नावाला नियमांचा काहीच विरोध नव्हता. तेच नाव डाव्या हातावर, बेताच्या आकारात असते तर चालले असते.

हे नियम पालकांनी नीट ऐकून ठेवावेत. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांच्या वैद्यकीय तपासणीच्या नियमांत तीन गोष्टी पाहतात. पहिली, काय गोंदले आहे. धार्मिक चिन्ह, आकृती किंवा नाव असेल तर हरकत नाही. दुसरी, कोठे गोंदले आहे. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताची आतली बाजू चालते, परंतु डाव्याच हाताची, कारण उजव्या हाताने सलाम करावयाचा असतो. पंजाची पाठही चालते. तिसरी गोष्ट आकार. त्या अवयवाच्या पाव भागाहून गोंदण लहान असावे लागते. सैन्यदलात २०१५ पासूनचा नियम थोडा सैल आहे. तेथे हाताची आतली बाजू आणि पंजाची पाठ एवढ्या ठिकाणी कायमचे गोंदण चालते. मान, दंड, छाती, पाय या ठिकाणी चालत नाही. ज्या अनुसूचित जमातींत रूढीनेच चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदतात त्यांना सवलत आहे. ही सवलत आम्हांला फार आवडली. कोणाच्या तरी आजीची आठवण नियम करणाऱ्याला झाली असावी.

अशी प्रकरणे न्यायालयापर्यंतही गेली आहेत. २०१७ साली सोलापूरकडील एका उमेदवाराला हातावरील धार्मिक गोंदणामुळे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने नाकारले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच सुमारास हवाई दलाच्या एका उमेदवाराचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्याचे गोंदण हाताच्या बाहेरच्या बाजूस होते. तेथे न्यायालयाने हवाई दलाचा निर्णय कायम ठेवला. एक जिंकला, एक हरला. पण जिंकणाऱ्याला वकील, खेपा आणि वर्षे किती लागली याचा हिशोब आपल्यापैकी मुलाला भरतीला पाठविणाऱ्या प्रत्येक बापाने मनात करून पाहावा.

कोणी म्हणेल, मास्तर, सगळीच मुले काही पोलिसात जात नाहीत. खरे आहे. पण आपल्या तालुक्यात कामाची दारे कोणती, हे तरी पाहू. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. तेथे दारावर जे जवान उभे असतात ते वर सांगितलेल्या दलांपैकीच एका दलाचे. आत सामान चढविणारे आहेत, तिकीट तपासणारे आहेत, दुकानांतले आहेत. किनाऱ्यावर हॉटेले आहेत. काही मुले आखाती देशांत जातात, काही जहाजावर जातात. या खाजगी कामांत सरकारचा एक असा नियम नाही. जो तो मालक आपला नियम करतो. एमिरेट्स कंपनीच्या विमानसेवकांना गणवेशात दिसेल असे गोंदण मुळीच चालत नाही, आणि पट्टी किंवा रंग लावून झाकलेलेही चालत नाही. उलट एअर न्यूझीलंडने सप्टेंबर २०१९ पासून दिसणाऱ्या गोंदणाला मोकळीक दिली, कारण तेथील माओरी लोकांत गोंदण ही कुळाची ओळख आहे. इंग्लंडच्या व्हर्जिन अटलांटिकने २०२२ साली बंदी सैल केली. म्हणजे जग बदलते आहे, यात शंका नाही. पण आपला मुलगा ज्या दारात उभा राहणार ते दार बदलले आहे काय, एवढेच त्याने पाहावयाचे. न्यूझीलंडमधील मोकळिकीचा दुबईत उपयोग नाही.

गंमत अशी की, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये जे गोंदण पाहुण्यांना आवडते, मालकही कौतुकाने दाखवितो, तेच मैलभर आतल्या मोठ्या हॉटेलाच्या स्वागतकक्षात चालत नाही. मुलगा एकच, हात एकच. हंगाम संपला की शॅक उतरतो आणि मुलगा कायमच्या कामाच्या शोधात निघतो. गोंदण मात्र हंगामाबरोबर उतरत नाही.

ते का उतरत नाही, हेही थोडे सांगतो, कारण ‘नको झाले तर काढून टाकू’ हे वाक्य आम्ही फार ऐकतो. कातडीचा वरचा थर आपण सतत टाकीत असतो. गोंदणाचा रंग त्याच्या खालच्या थरात जातो. शरीरातील रक्षक पेशी तो परका कण म्हणून गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि तो घेऊन तेथेच बसून राहतात. लेसरच्या झोताने त्या रंगाचे बारीक तुकडे करतात, मग शरीर ते हळूहळू वाहून नेते. हे एका खेपेत होत नाही. दोन खेपांत सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि खेपा पुष्कळ लागतात. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो. हिरवा आणि पिवळा हट्टी असतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर पांढरट डाग राहण्याची भीती अधिक. करण्यास जेवढे पैसे पडले त्याच्या कितीतरी पट काढण्यास पडतात. आणि वेळ धरा. शिपाई भरतीचे वय साधारण अठरा ते तेवीस. बावीस वर्षांच्या मुलाचे वर्ष लेसरमध्ये गेले तर रंग जाईल, पण वयही जाईल.

मग गोंदण केव्हा करावे? आमचे मत आम्ही सांगतो, पटेल त्याने घ्यावे. शाळा-कॉलेजात असताना मुळीच करू नये, कारण पुढे कोणत्या दारात उभे राहावयाचे हे त्या वयात ठरलेले नसते. बारावीच्या मुलाला विचारले तर तो सकाळी सैन्यात जाणार असतो आणि संध्याकाळी जहाजावर. आधी नोकरी लागावी, परीक्षाकाल संपून माणूस कायम व्हावा, तेथील गणवेशाचा नियम स्वतः वाचावा, मग गोंदणाचे पाहावे. मनात आलेली नक्षी कागदावर काढून वर्षभर कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवावी. वर्षाने तीच हवीशी वाटली तर गोंदवावी. आम्ही हे एका मुलाला सांगितले. सहा महिन्यांत त्याने तीन कागद बदलले. आईबापांचे नाव, देवाचे नाव बदलत नाही हे खरे. पण ज्या व्यक्तीची ओळख दोन वर्षांची आहे तिच्या नावाबद्दल आम्ही अधिक बोलत नाही. येथे तरुण मंडळी बसली आहेत, त्यांना समजले.

जागाही विचाराने निवडावी. अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्याखाली झाकले जाईल असा दंड किंवा पाठ खाजगी नोकरीसाठी सोयीची. पण तीच जागा सैन्यात चालत नाही, हे आपण वर पाहिले. म्हणून दोन्ही दारे उघडी ठेवावयाची असतील तर सगळ्यांत सुरक्षित म्हणजे न गोंदलेले अंग. मान, चेहरा आणि बोटे यांना कोणत्याही कामात झाकण नाही.

हातांनी राबणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ताजे गोंदण ही जखम आहे. ती वरून भरण्यास दोन ते चार आठवडे लागतात, आणि तोवर तिला खारे पाणी, ऊन, चिखल, सिमेंट, मासळीचे पाणी यांपासून जपावे लागते. होडीवर जाणाऱ्याने, गवंड्याच्या हाताखाली असणाऱ्याने, हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्याने भर हंगामात गोंदवून दुसऱ्या दिवशी कामावर जाणे म्हणजे हात पिकवून घेणे होय. तेवढी रजा हाताशी नसेल तर थांबावे.

मुलींच्या पालकांना वाटते की, ‘काळी मेंदी’ काढली म्हणजे हौसही होते आणि भीतीही नाही. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस असतो. किनाऱ्यावर जी तासाभरात कोळशासारखी काळी रंगते तिच्यात पुष्कळदा केस रंगविण्याचे रसायन मिसळलेले असते. त्याने कातडीला फोड येतात आणि कित्येकदा नक्षीच्या आकाराचा डाग राहून जातो. काहींना पुढे जन्मभर केसांचा कलपही सोसत नाही. मेंदी घरी पाला वाटून काढावी. आमच्या घरी तशीच काढतात, आणि सभासदांच्या मुलींना ईदला आमचे दार उघडे आहे.

आता दोन शब्द आपल्यापैकी जे मालक आहेत त्यांच्यासाठी. सभासदांत हॉटेलवाले आहेत, दुकानदार आहेत, शाळा चालविणारे आहेत. गोंदलेला हात पाहून मुलगा उनाड असेल असा ग्रह करून घेणे सोपे आहे. आपल्या घरची चूल ज्या हातांनी पेटविली, ज्या हातांनी आपल्याला न्हाऊ घातले, ते हात कोपरापर्यंत गोंदलेले होते. कामाचा आणि त्या ठिपक्यांचा काही संबंध नाही. तरीही आपल्या धंद्याला न दिसणारे गोंदण हवे असेल, गिऱ्हाईकाची तशी अपेक्षा असेल, तर तो आपला अधिकार आहे. फक्त ते जाहिरातीतच लिहावे. मुलगा भाडे खर्चून, इस्त्री करून, मुलाखतीला येतो, आणि त्याची बाही वर करून त्याला परत पाठवितात, हे आम्हांला बरे वाटत नाही. संस्थेची शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळींनाही आमची विनंती आहे की, गुणपत्रिका पाहावी, मनगट पाहू नये.

ज्यांचे गोंदण होऊन चुकले आहे त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. अर्ज करण्यापूर्वी जाहिरातीतील वैद्यकीय नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत. गोंदणाची लांबी-रुंदी पट्टीने मोजावी, त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि अर्जाबरोबर मागितले असेल तर ते निमूटपणे जोडावे; लपविलेले गोंदण तपासणीत सापडतेच, आणि मग गोंदणापेक्षा लपविणे महाग पडते. नियमात बसत नसेल आणि वय हाती असेल तर कातडीच्या डॉक्टरांना आधी दाखवावे. टॅटूच्या दुकानातल्या मलमाच्या नादी लागू नये. वर सांगितलेल्या मुलाने तेच केले. तेवढ्या अवधीत त्याने वाहन चालविण्याचा परवाना काढला आणि विमानतळावर सामान वाहणाऱ्या एका गाडीवर तो कामास लागला. पुढच्या भरतीचा अर्जही त्याने भरला आहे. अर्जात ‘ओळखीची खूण’ असा एक रकाना असतो. तेथे काय लिहू, असे त्याने आम्हांला विचारले. आम्ही सांगितले: उजव्या हातावर आतल्या बाजूस गोंदणाचा फिकट डाग, तीन इंच, असे सरळ लिही.